शांतिव्रती शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन

उदबत्तीचा धूर शांत खोलींत कांहीं बोटें सरळ वर चढतो. मग एकाएकीं त्याला वळसे पडूं लागतात, एका वळशांतून दुसरे लहान वळसे फुटतात, आणि पाहतां पाहतां ती रेषा हवेंत विरून जाते. पुलाच्या खांबामागें पाण्याला पडणारे भोंवरे, चैत्रवैशाखांत माळावर उठणारी वावटळ, दुपारीं आकाशांत फुगत जाणारे ढग, हीं सर्व त्याच एका गोष्टीचीं रूपें होत. वाऱ्यापाण्याच्या या वेड्यावांकड्या गतीला शास्त्रज्ञ प्रक्षोभ असें नांव देतात. पाहणारास प्रथम वाटतें कीं, येथें नियम असा कांहींच नाहीं, सारा गोंधळ आहे. परंतु त्या गोंधळांतहि कांहीं सुसंगत आकार वारंवार येतात व जातात, आणि योग्य रीतीनें मोजमाप केलें असतां त्यांचा माग लागतो, असें आजचें शास्त्र सांगतें. या शोधाचा पाया ज्यांनीं घातला त्यांपैकीं एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहोंत. त्यांची बुद्धि असामान्य होती. परंतु बुद्धीपेक्षांहि त्यांची सदसद्विवेकबुद्धि अधिक बलवत्तर होती, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि तें चरित्र अवश्य वाचावें असें आम्हांस वाटतें.

लुइस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागांतील न्यूकॅसल या शहरीं ता. ११ ऑक्टोबर १८८१ रोजीं झाला. त्यांचे वडील डेव्हिड रिचर्डसन यांचा कातडीं कमावण्याचा मोठा धंदा होता. आईचें माहेरचें आडनांव फ्राय. तेंच मुलाच्या नांवांत मधोमध आलें. सात भावंडांत लुइस हे सर्वांत धाकटे. हें कुटुंब क्वेकर पंथाचें होतें. या ख्रिस्ती पंथाचे लोक साधेपणानें राहतात, प्रार्थनेच्या वेळीं बहुधा मौन धरून बसतात, आणि कोणत्याहि कारणासाठीं मनुष्यानें मनुष्यावर शस्त्र उचलूं नये असें मानतात. बाळपणीं घरीं मिळालेली ही शिकवण रिचर्डसन यांनीं जन्मभर सोडली नाहीं; आणि तिच्यासाठीं त्यांस जें द्यावें लागलें, तीच या चरित्राची खरी कथा आहे.

बाराव्या वर्षीं त्यांस यॉर्क येथील बूथॅम नांवाच्या क्वेकर शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथें सृष्टिनिरीक्षणाची गोडी लावणारे शिक्षक होते, व त्यांपैकीं एकाचा हवामानशास्त्राचा चांगला व्यासंग होता. शाळेनें आपणांस दोन गोष्टी दिल्या असें रिचर्डसन पुढें मानीत असत: एक, डोळे उघडे ठेवून पाहण्याची संवय, आणि दुसरी, शास्त्र हें नीतीच्या खालींच असलें पाहिजे ही निष्ठा. शाळा संपल्यावर कांहीं काळ न्यूकॅसल येथें शिकून ते १९०० सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजांत दाखल झाले व १९०३ सालीं सृष्टिविज्ञानाच्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले.

यानंतरचीं दहा वर्षें पाहिलीं तर हा मनुष्य एका जागीं स्थिर होत नाहीं असें एखाद्या व्यवहारचतुर पालकास वाटेल. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, वेल्समधील एक कॉलेज, दलदलींतील पीट नांवाचें जळण काढणारी एक कंपनी, विजेचे दिवे करणारा कारखाना, अशा नाना ठिकाणीं त्यांनीं नोकऱ्या केल्या. परंतु यांतील एकहि वर्ष वायां गेलें नाहीं. पीटच्या दलदलींतून पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर कोठें व कसे खणावे हा प्रश्न त्यांच्यापुढें आला. त्याचें समीकरण मांडतां येत होतें, पण तें नेहमींच्या रीतीनें सुटत नव्हतें. तेव्हां त्यांनीं निराळीच वाट धरली. सर्व जागेचे बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें लहान लहान चौकोन पाडावे, प्रत्येक चौकोनाचा शेजारच्या चौकोनांशीं असलेला संबंध साध्या बेरीज-वजाबाकीनें मांडावा, आणि तें गणित पुनःपुन्हां करून उत्तराच्या जवळ जवळ जात राहावें, अशी ती रीत होती. उत्तर अगदीं तंतोतंत येत नाहीं, पण कामापुरतें खरें येतें. याच रीतीनें त्यांनीं दगडी धरणाच्या भिंतींत उत्पन्न होणाऱ्या ताणांचें गणित केलें व तें १९१० सालीं रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालें. या किचकट आंकडेमोडीसाठीं त्यांनीं मुलांना पैसे देऊन कामास लावलें होतें. मजुरी कामाच्या मोजणीवर मिळे, आणि चुकलेलें गणित हिशेबांत धरलें जात नसे! आमच्या विद्यार्थ्यांनीं हा शेवटचा नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

१९०९ सालीं डोरोथी गार्नेट या सुशील व सुविद्य युवतीशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस मूलबाळ झालें नाहीं. पुढें त्यांनीं तीन मुलें दत्तक घेऊन मायेनें वाढविलीं. १९१२ च्या एप्रिल महिन्यांत टायटॅनिक ही प्रचंड आगबोट हिमनगावर आपटून बुडाली व सुमारें दीड हजार माणसें प्राणांस मुकलीं. ही वार्ता ऐकून रिचर्डसन स्वस्थ बसले नाहींत. वाईट बेटाच्या किनाऱ्यावर लहान होडींत बसून ते शिटी वाजवीत व उघड्या छत्रीच्या साहाय्यानें तिचा प्रतिध्वनि ऐकत. अंधारांत वा धुक्यांत पुढें असलेला अडथळा प्रतिध्वनीवरून ओळखतां येईल, प्रथम हवेंतून आणि मग पाण्यांतूनहि, अशी कल्पना त्यांनीं त्याच वर्षीं सरकारदरबारीं नोंदविली. अंतर्जलध्वनीनें पाण्याखालील वस्तु शोधण्याची जी विद्या पुढें जगभर प्रसिद्धीस आली, तिचा हा एक आरंभ होय. एखादा आवाज परत येतो तेव्हां त्यांत कोणता भाग खऱ्या वस्तूचा व कोणता नुसत्या गोंगाटाचा, हें निवडणें हाच त्या विद्येचा गाभा आहे. हाच प्रश्न पुढें वाऱ्याच्या बाबतींत त्यांच्यासमोर उभा राहावयाचा होता.

१९१३ सालीं ब्रिटिश हवामानखात्यानें त्यांस स्कॉटलंडांतील एस्कडेलम्यूर या वेधशाळेचे प्रमुख नेमलें. ही जागा डोंगराळ, ओसाड व पावसाळी. पण एकांत व चिंतन आवडणाऱ्या माणसास उत्तम. त्या काळीं हवेचें भाकित कसें करीत, हें येथें सांगितलें पाहिजे. आजच्या नकाशासारखा मागील एखादा नकाशा शोधून काढावयाचा, आणि तेव्हां दुसऱ्या दिवशीं जें झालें तेंच आतांहि होईल असें मानावयाचें, अशी साधारण रीत होती. रिचर्डसन यांस ही रीत पटेना. ग्रहनक्षत्रांचीं स्थानें ज्योतिषी गणितानें सांगतात, मग हवेचीं कां सांगूं नयेत? हवेच्या हालचालीचे नियम तर ठाऊक आहेत. दाब, उष्णता, आर्द्रता व वारा यांचे आजचे आंकडे घेतले आणि पटाच्या रीतीनें समीकरणें सोडविलीं, तर उद्यांचे आंकडे निघाले पाहिजेत. असा विचार करून त्यांनीं ग्रंथलेखनास आरंभ केला.

इतक्यांत १९१४ सालचें महायुद्ध सुरू झालें होतें. युद्धांत भाग घ्यावयाचा नाहीं हा तर त्यांचा धर्म; परंतु इतर लोक मरत असतां आपण डोंगरांतील वेधशाळेंत सुखानें बसावें हेंहि त्यांच्या मनास रुचेना. १९१६ सालीं त्यांनीं आपल्या सन्मान्य पदाचा राजीनामा दिला व क्वेकर लोकांच्या रुग्णवाहिनी पथकांत सामील होऊन ते फ्रान्सच्या रणभूमीवर गेले. तेथें फ्रेंच पायदळाच्या एका तुकडीबरोबर त्यांनीं १९१९ पर्यंत जखमी सैनिक वाहून नेणारी मोटार चालविली. हातीं बंदूक न घेतां तोफांच्या माऱ्याखालीं रस्ते काढीत जाणें यास कमी धैर्य लागतें असें कोणीहि समजूं नये. युद्धास नकार देणारा म्हणून त्यांच्यावर जो शिक्का बसला त्याचें फळ त्यांस पुढें भोगावें लागलें; एवढ्या योग्यतेच्या माणसास विद्यापीठांतील अध्यापकपद कधीं लाभलें नाहीं.

याच रणभूमीवर त्यांनीं हवामानशास्त्राच्या इतिहासांतील एक अपूर्व गणित केलें. विश्रांतीच्या वेळीं, थंडगार निवाऱ्यांत, गवताच्या ढिगावर बसून ते आंकडेमोड करीत. ता. २० मे १९१० या दिवसाचीं मध्य युरोपांतील निरीक्षणें त्यांच्याजवळ होतीं. त्यांवरून सहा तासांत हवेचा दाब किती बदलला असेल, हें त्यांनीं केवळ गणितानें काढावयाचें ठरविलें. सहा तासांच्या भाकितास सहा आठवडे लागले! उत्तर आलें तें असें: दाब १४५ मिलिबारांनीं वाढावा. प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जवळ जवळ स्थिरच होता. भयंकर वादळांतसुद्धां सहा तासांत इतका फरक पडत नाहीं. म्हणजे उत्तर नुसतें चुकलें नव्हतें, तर तें अशक्य कोटींतलें होतें.

या प्रसंगीं सामान्य मनुष्यानें काय केलें असतें? कागद फाडून टाकले असते, किंवा आंकडे थोडेसे फिरवून उत्तर सोयीचें करून घेतलें असतें. रिचर्डसन यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. १९१७ च्या शँपेनच्या लढाईच्या धामधुमींत त्यांचें हस्तलिखित पिछाडीला पाठविलें गेलें व हरवलें. कित्येक महिन्यांनीं तें बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. तें घेऊन ते परत आले, व १९२२ सालीं गणिती पद्धतीनें हवामानाचें भाकित या विषयावरील त्यांचा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यानें प्रसिद्ध केला. त्यांत ती चुकलेली आंकडेमोड पहिल्यापासून शेवटपर्यंत जशीच्या तशी छापलेली आहे, आणि निरीक्षणांतील वाऱ्यांचे आंकडे सदोष असावे हें आपलें अनुमानहि त्यांनीं तेथेंच नमूद केलें आहे. ग्रंथांत त्यांनीं एक स्वप्नहि रंगविलें आहे. नाटकगृहासारखें एक विशाल गोल दालन. त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा. सज्जासज्जांतून बसलेले ६४,००० गणक, प्रत्येकाकडे आपापल्या प्रदेशाचें गणित. आणि मधल्या उंच खांबावर उभा असलेला एक मुख्य, वाद्यवृंदाच्या नायकाप्रमाणें पुढें धांवणाऱ्यांस आंवरणारा व मागें पडणाऱ्यांस हांकणारा! इतके लोक लागले तरच गणित हवेच्या बरोबरीनें धांवेल, असा त्यांचा अंदाज होता. त्या काळीं पुष्कळांना तें निव्वळ कल्पनारंजन वाटलें.

युद्ध संपल्यावर १९१९ सालीं ते पुन्हां हवामानखात्यांत आले व ऑक्सफर्डजवळील बेन्सन या गांवीं प्रयोग करूं लागले. भाकित करावयाचें तर पटावरील घरांपेक्षां लहान असे जे असंख्य भोंवरे हवेंत असतात, त्यांचाहि हिशेब ठेवला पाहिजे. कारण तेच उष्णता, बाष्प व वेग वरखालीं वाहून नेतात. तेव्हां हे भोंवरे वाढतात कशानें व विझतात कशानें, हा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. त्यांस असें आढळलें कीं, येथें दोन शक्तींचें द्वंद्व चाललेलें असतें. वरचा वारा वेगवान व खालचा मंद असला कीं, त्या फरकांतून भोंवऱ्यांस खाद्य मिळतें. उलट जड थंड हवा खालीं व हलकी उष्ण हवा वर असली कीं, तिला वरखालीं ढवळण्यास श्रम पडतात व भोंवरे थकून निजतात. या दोन शक्तींचें एकमेकींशीं असलेलें प्रमाण त्यांनीं १९२० सालीं एका संख्येंत मांडलें. ती आज जगभर रिचर्डसन-अंक या नांवानें ओळखली जाते, आणि विमानास आकाशांत कोठें हादरे बसतील हें पाहतांनाहि तिचा उपयोग करतात. हिंवाळ्यांतील निरभ्र पहाटे गांवावर धुराचा थर हलत नाहीं, आणि ऊन तापतांच तो पांगतो, याचें कारणहि वाचकांस आतां उमगेल.

मोठ्या भोंवऱ्यांपासून लहान भोंवरे जन्मतात, लहानांपासून अधिक लहान, आणि शेवटीं अगदीं सूक्ष्म भोंवऱ्यांची गति हवेच्या चिकटपणामुळें घर्षणांत जिरून तिची उष्णता बनते. ही कल्पनाहि रिचर्डसन यांचीच. एका श्रीमंत घरची दौलत मुलांत, नातवांत व पणतवांत वाटली जाऊन शेवटीं हातोहात खर्चून जावी, तसा हा प्रकार आहे. आपल्या ग्रंथांत त्यांनीं ही गोष्ट एका लहानशा विनोदी पद्यांत सांगितली आहे, व तें पद्य शास्त्रज्ञांच्या तोंडीं अजून असतें.

काम असें रंगांत आलें असतांना १९२० सालीं हवामानखातें हवाई दलाच्या मंत्रालयाकडे सोंपविण्यांत आलें. म्हणजे त्याचा संबंध युद्धखात्याशीं जडला. रिचर्डसन यांनीं दुसऱ्यांदा राजीनामा दिला. आवडीचें काम, उपकरणें, सोबती, सारें सोडून ते लंडनमधील वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजांत भावी शिक्षकांस भौतिकशास्त्र शिकवूं लागले. तरीहि उरलेल्या वेळांत त्यांनीं वाऱ्याचा नाद सोडला नाहीं. या काळांतील त्यांचा १९२६ सालचा निबंध फार महत्त्वाचा आहे.

त्यांतील विचार असा. वाऱ्याचा वेग किती, असें आपण सहज विचारतों. पण जो क्षणोक्षणीं व पावलोपावलीं बदलतो त्याला एक वेग आहे असें तरी म्हणतां येईल काय? म्हणून एका जागीं उभें राहून सरासरी काढण्यापेक्षां, हवेंतील दोन कण एकमेकांपासून कसे दूर जातात हें पाहणें बरें. दोन कण जवळ असले म्हणजे मोठा भोंवरा त्या दोघांस एकत्रच वाहून नेतो. त्यांची ताटातूट करणारे भोंवरे लहानच असतात. कण जसजसे दूर जातात तसतसे अधिकाधिक मोठे भोंवरे त्यांस फांकवूं लागतात. अर्थात् दूर जाण्याचा जोर अंतराबरोबर वाढतो. किती वाढतो? धूर, मुलांनीं सोडलेले फुगे, ज्वालामुखीची राख व मोठमोठीं वादळें यांविषयींचीं मापें एकत्र करून त्यांनीं दाखविलें कीं, हा जोर अंतराच्या चार-तृतीयांश घाताच्या प्रमाणांत असतो. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ताडून पाहावें: अंतर ८ पट झालें तर जोर १६ पट होतो, आणि अंतर २७ पट झालें तर तो ८१ पट होतो. गोंधळाच्या पोटांत दडलेला हा केवढा साधा नियम! त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासदत्व देऊन गौरविलें.

परंतु त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत क्लेशदायक प्रसंग याच विषयावरून आला. वाऱ्यांत एखादा वायु कसा पसरतो, या त्यांच्या संशोधनाची सर्वांत अधिक आस्था कोणास वाटत होती? विषारी वायूचीं अस्त्रें तयार करणाऱ्या तज्ज्ञांस! महायुद्धांत अशा वायूनें गुदमरलेलीं माणसें कोणत्या यातना भोगतात हें त्या रणभूमीवर रुग्णवाहिका चालविणाऱ्या माणसास निराळें सांगावयास नको होतें. आपल्या ज्ञानाचें हें होणार हें ध्यानांत येतांच त्यांनीं तें संशोधन थांबविलें व जें प्रसिद्ध झालें नव्हतें तें आपल्या हातानें नष्ट केलें. त्यांच्या पत्नीनें पुढें लिहून ठेवलें आहे कीं, यासाठीं त्यांस काय सोसावें लागलें हें कोणास कधींच कळणार नाहीं. त्या कागदांत काय होतें हें आज सांगणें शक्य नाहीं. शास्त्राची हानि झाली हें खरें. आणि ज्ञान नष्ट करण्याचा अधिकार शास्त्रज्ञास आहे काय, असा प्रश्नहि कोणी विचारील. या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं. परंतु आम्हांस एवढें खचित वाटतें कीं, स्वतःच्या परिश्रमाचें फळ स्वतःच्या विवेकापुढें ठेवून जो असा निवाडा करतो, त्याच्यापुढें मस्तक नम्र होतें.

यापुढें त्यांनीं आपली बुद्धि एका नव्याच वादळाकडे वळविली. मनुष्यें युद्ध कां करतात? हा प्रश्न समजावा म्हणून त्यांनीं मानसशास्त्राचा अभ्यास केला व १९२९ सालीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तरुण विद्यार्थ्यांप्रमाणें परीक्षेस बसून त्या विषयाची पदवी मिळविली. त्याच वर्षीं ते स्कॉटलंडांतील पेझली येथील तंत्रविद्यालयाचे प्राचार्य झाले. एका राष्ट्रानें शस्त्रें वाढविलीं कीं दुसरें भिऊन वाढवितें, आणि तें पाहून पहिलें आणखी वाढवितें. ही चढाओढ त्यांनीं समीकरणांत मांडली. १९४० सालीं त्यांनीं मुदतीपूर्वींच निवृत्ति पत्करली व तुटपुंज्या मिळकतींत राहून उरलेलें आयुष्य याच कामास वाहिलें. १८२० नंतरच्या लहानमोठ्या प्राणघातक कलहांची त्यांनीं मोजदाद केली. हे त्यांचे दोन मोठे ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० सालीं, प्रसिद्ध झाले. देशांच्या सीमा मोजतांना त्यांस एक नवल आढळलें. स्पेन व पोर्तुगाल यांची एकच सीमा एका ठिकाणीं ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणीं १,२१४ किलोमीटर दिलेली होती. मोजण्याची काठी जितकी लहान, तितकीं अधिक वळणें तिच्या हिशेबांत येतात व लांबी वाढत जाते, असा याचा उलगडा त्यांनीं केला. वळशांत वळसे पाहण्याची ती जुनीच दृष्टि येथेंहि कामास आली! बेन्वा मँडेलब्रो या गणितज्ञानें १९६७ सालीं हाच धागा उचलला, आणि त्यांतून गणिताची एक नवी शाखा उदयास आली.

उतारवयांत ते स्कॉटलंडच्या पश्चिम भागांत किलमन या खेड्यांत राहत. तेथेंहि भोंवऱ्यांनीं त्यांस सोडलें नाहीं. हेन्री स्टॉमेल हे अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ भेटीस आले तेव्हां, हवेंतील नियम पाण्यासहि लागू पडतो कीं काय हें पाहण्याचें दोघांनीं ठरविलें. त्यासाठीं पार्सनिप नांवाच्या गाजरासारख्या पांढऱ्या कंदाचे तुकडे जवळच्या खाडींत टाकून ते एकमेकांपासून कसे दूर जातात तें मोजलें. तुकडे पांढरे असल्यानें नीट दिसत, व बहुतेक बुडालेले राहत असल्यानें त्यांस वारा लागत नसे. चार-तृतीयांशाचा नियम पाण्यांतहि खरा ठरला! १९४८ सालीं प्रसिद्ध झालेला हा छोटा निबंध वाचतांना, थोर शोधास नेहमींच महागडीं उपकरणें लागतात असें नाहीं, ही गोष्ट मनावर ठसते.

१९५० सालीं अमेरिकेंत जूल चार्नी व त्यांचे सहकारी यांनीं एनियॅक नांवाच्या विद्युत्-गणकयंत्रावर प्रथमच हवेचीं यशस्वी भाकितें केलीं. चार्नी यांनीं तीं रिचर्डसन यांस पाठविलीं. वृद्ध रिचर्डसन यांनीं आपल्या पत्नीस पंच नेमलें. आजचा नकाशा उद्यांच्या नकाशाशीं अधिक जुळतो, कीं गणिताचें भाकित अधिक जुळतें, हें त्यांनीं तिला डोळ्यांनीं पारखावयास सांगितलें. तिचा कौल भाकिताच्या बाजूनें, थोडक्यानें कां होईना, पडला. तेव्हां त्यांनीं मोकळ्या मनानें त्या तरुणांचें अभिनंदन केलें, व आपल्या एकुलत्या एका चुकलेल्या उत्तरापेक्षां हें फार मोठें पाऊल आहे असें कळविलें. ता. ३० सप्टेंबर १९५३ रोजीं झोपेंतच त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या कार्याचें पुढें काय झालें हें सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. १९४१ सालीं रशियांतील कोल्मोगोरोव्ह व ओबुखोव्ह या गणितज्ञांनीं भोंवऱ्यांच्या या वंशावळीचें गणित बसविलें, व रिचर्डसन यांचा चार-तृतीयांशाचा नियम त्यांतून आपोआप निघाला. नंतर मनोऱ्यांवर शीघ्रगति उपकरणें बसवून वाऱ्याचे व उष्णतेचे सेकंदासेकंदाचे आलेख काढतां येऊं लागले. असा आलेख म्हणजे पेटीच्या पुष्कळ पट्ट्या एकदम दाबून निघालेला आवाजच होय. फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांच्या रीतीनें त्यांत कोणकोणते सूर किती जोराचे आहेत हें कळतें. पण कोणता सूर कोणत्या क्षणीं वाजला, हें त्यावरून सहज उमगत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत झां मोर्ले या फ्रेंच अभियंत्यानें भूगर्भांतून येणारे कंप तपासतांना तरंगिका नांवाची रीत पुढें आणली. थोडा वेळ उठून विरणारी एक लहानशी लाट घ्यावयाची. ती कधीं ताणून, कधीं आंखडून आलेखावर ठिकठिकाणीं लावून पाहावयाची. जेथें ती चपखल बसेल तेथें त्या मापाचा भोंवरा त्या क्षणीं येऊन गेला असें समजावयाचें. या व अशा रीतींनीं वाऱ्याच्या गोंगाटांतील सुसंगत आकार ओळखूं येऊं लागले. उदाहरणार्थ, भर दुपारीं रानावर काढलेल्या उष्णतेच्या आलेखांत चढ हळूहळू व उतार एकदम, अशी करवतीच्या दांत्यांसारखी आकृति पुनःपुन्हां येते. जमिनीलगत तापत राहिलेली हवा वर उठते आणि वरून थंड हवेचा झोत एकाएकीं खालीं येतो, त्याची ही खूण होय.

आणि त्या चुकलेल्या भाकिताचें काय? पीटर लिंच या आयरिश हवामानशास्त्रज्ञानें तें सर्व गणित संगणकावर पुन्हां केलें व त्याचा सविस्तर वृत्तांत २००६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. उत्तर पुन्हां १४५ च आलें; म्हणजे गवताच्या ढिगावर बसून केलेली ती आंकडेमोड मुळांत बरोबर होती! दोष होता तो आरंभींच्या आंकड्यांत. वारा व दाब यांचा मेळ किंचित् बिघडलेला असल्यानें त्यांत शीघ्र लहरींचा गोंगाट मिसळला होता, आणि त्या गोंगाटानें हवेचा खरा मंद सूर झांकून टाकला होता. लिंच यांनीं आलेख शुद्ध करण्याची गणिती गाळणी लावून तो गोंगाट काढून टाकला. तेव्हां तोच बदल एका मिलिबाराहूनहि कमी आला, म्हणजे प्रत्यक्षाशीं जुळला. रिचर्डसन यांनीं आपली चूक लपविली असती, तर हें रहस्य कधींच उलगडलें नसतें.

आज जगांतील सर्व मोठ्या वेधसंस्था ज्या भाकितपद्धतीचा अवलंब करतात तिचें मूळ १९२२ च्या त्या ग्रंथांत आहे. आपल्या पुण्यांतील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत २०१८ सालीं प्रत्यूष नांवाचा महासंगणक मोसमी पावसाच्या गणितासाठीं बसविण्यांत आला, तोहि त्या ६४,००० गणकांच्या स्वप्नाचाच वंशज होय. शेतकरी पेरणीपूर्वीं आकाशाकडे पाहतो, कोळी होडी लोटण्यापूर्वीं वाऱ्याची चाहूल घेतो. त्या दोघांस आज जी सूचना मिळते तिच्यांत या माणसाचे श्रम आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेंत उत्तर चुकलें तर निराश होऊं नका. परंतु तें झांकूंहि नका. आपण कोणत्या वाटेनें गेलों हें स्वच्छ लिहून ठेवा, म्हणजे मागून येणारास चूक नेमकी कोठें झाली तें सांपडेल. आणि पालकहो, मुलांनीं विद्या मिळवावी म्हणून आपण झटतां तें योग्यच आहे. पण त्या विद्येचें ते काय करणार, हा प्रश्नहि त्यांना घरींच लहानपणीं विचारावयास शिकवा. रिचर्डसन यांस तो प्रश्न घरीं व शाळेंत मिळाला, आणि पदापेक्षां, कीर्तीपेक्षां, एवढेंच नव्हे तर स्वतःच्या आवडत्या शोधापेक्षांहि तो त्यांनीं मोठा मानला. वाऱ्याच्या गोंधळांत नियम शोधणाऱ्या या पुरुषानें स्वतःच्या जीवनांत मात्र नियम कधीं ढळूं दिला नाहीं. असें शील व अशी चिकाटी आमच्या वाचकांच्या अंगीं येवो, हीच आमची इच्छा आहे.